वाचनवैकल्य आणि देवनागरी : एका रूढ समजुतीचे परीक्षण

वर्गात मागे पडलेल्या मुलाला आपल्याकडे 'ढ' म्हणतात. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ जसा होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात सुधारणा होत नाही तो 'ढ', अशी ह्या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यामागील गृहीतक आपल्या शाळांतून अद्याप गेलेले नाही. दोष मुलाच्या प्रकृतीत आहे आणि ती प्रकृती पालटणारी नाही, हे ते गृहीतक. गेल्या काही दशकांत त्याला धक्का देणारा एक शब्द शिक्षकांच्या व पालकांच्या तोंडी रुळला. तो शब्द म्हणजे 'डिस्लेक्सिया'. बुद्धी चांगली, दृष्टी व श्रवण निर्दोष, शिकण्याची संधी पुरेशी, आणि तरीही लिहिलेला शब्द ओळखणे, तो अचूक व वेगाने वाचणे आणि स्वतः लिहिणे ज्यांना विलक्षण जड जाते, अशा मुलांची ही अवस्था होय. मराठीत तिला वाचनवैकल्य म्हणता येईल. शासनव्यवहारात तिचा समावेश 'अध्ययन अक्षमते'त होतो.

शब्द आला हे चांगलेच झाले. परंतु शब्दाबरोबर त्याचे एक चित्रही आले, आणि ते चित्र रोमन लिपीवरून काढलेले आहे. उलटी अक्षरे लिहिणारे मूल म्हणजे वाचनवैकल्य असलेले मूल, अशी समजूत आज इतकी सर्वमान्य झाली आहे की शिक्षक तीच खूण मराठी वहीत शोधतात आणि ती सापडली नाही म्हणजे निश्चिंत होतात. ही समजूत मुळातच अपुरी आहे आणि देवनागरीच्या बाबतीत तर ती दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ह्या मताची कारणे पुढे मांडली आहेत.

१

ह्या समजुतीच्या प्रसाराचे मोठे श्रेय आमिर खान दिग्दर्शित व अमोल गुप्ते लिखित 'तारे जमीं पर' ह्या हिंदी चित्रपटाकडे जाते. डिसेंबर २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याचा पुष्कळसा भाग पाचगणीच्या परिसरात चित्रित झाला असल्याने महाराष्ट्राच्या प्रेक्षकांना तो अधिकच जवळचा वाटला. आठ वर्षांचा ईशान शाळेत सतत नापास होतो, वडील त्याला आळशी व उद्धट ठरवतात, वसतिगृहाच्या शाळेत त्याची रवानगी होते, आणि तेथे निकुंभ नावाचे चित्रकलेचे शिक्षक त्याच्या अडचणीचे मूळ ओळखतात. ज्या समाजात अशा मुलाला केवळ मार मिळत होता, तेथे ह्या कथेने सहानुभूतीची जागा निर्माण केली. हे ऋण मान्य केल्यावाचून पुढील टीका न्याय्य ठरणार नाही.

चित्रपटात निकुंभ ईशानच्या जुन्या वह्या घेऊन बसतात, चुकांमधील पुनरावृत्ती हेरतात आणि ती आईवडिलांसमोर मांडतात. हा प्रसंग सर्व प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. मात्र स्मरणात राहिलेला पुरावा इंग्रजी वह्यांतला आहे. 'बी'च्या जागी 'डी', आरशातील प्रतिबिंबासारखी वळणे, एकाच शब्दाची निरनिराळी वर्णरचना, हा तो पुरावा. ईशान भारतीय मुलगा आहे, तो हिंदीही शिकतो. परंतु हिंदीच्या तासाचा जो ठळक प्रसंग चित्रपटात येतो तो कवितेच्या अर्थाविषयीचा आहे. ईशान अर्थ स्वतःच्या शब्दांत नेमका सांगतो आणि शिक्षकांना तो पटत नाही. ह्या प्रसंगाचा रोख पाठांतराच्या शिक्षणपद्धतीवर आहे आणि त्या मर्यादेत तो प्रभावी आहे. तथापि हे मूल देवनागरी कसे वाचते, कोठे अडखळते, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभाच राहत नाही.

चित्रपट हा शास्त्रग्रंथ नव्हे, तेव्हा त्याच्याकडून लिपिविचाराची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. ते मान्य आहे. येथे टीका चित्रपटावर कमी आणि त्याच्यावरून लक्षणांची यादी तयार करून मराठी शाळांत वापरणाऱ्या आपणा सर्वांवर अधिक आहे. निकुंभांची पद्धत घ्यावयाची होती. आपण त्यांची यादी घेतली.

२

उलट्या अक्षरांची कल्पना आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. 'डिस्लेक्सिया' ही संज्ञा जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आणली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज वैद्याने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाचे वृत्त प्रसिद्ध केले. हा मुलगा स्वतःचे 'पर्सी' हे नावही वर्णांची अदलाबदल करून लिहीत असे. मॉर्गनने ह्या स्थितीला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन ह्यांनी ह्या मुलांच्या लेखनातील उलटेपणावर भर दिला आणि मेंदूच्या दोन गोलार्धांतील प्राबल्याच्या अभावाशी त्याचा संबंध जोडला. अशा रीतीने वाचनाची अडचण ही प्रामुख्याने दृष्टीची अडचण आहे, असा समज दृढ झाला.

हा समज शास्त्रात फार काळ टिकला नाही. इझाबेल लिबरमन, डोनाल्ड शँकवायलर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७१ साली मागे पडलेल्या वाचकांच्या चुका मोजल्या, तेव्हा उलटेपणाच्या चुकांचा वाटा थोडा आणि स्वर व व्यंजने चुकीची वाचण्याचा वाटा पुष्कळ मोठा, असे दिसून आले. त्यानंतरच्या संशोधनाचा कल स्पष्ट आहे. अडचणीचे केंद्र बहुसंख्य मुलांच्या बाबतीत डोळ्यांत नसून बोललेल्या शब्दाचे ध्वनिघटक वेगळे करणे, ते स्मरणात धरून ठेवणे आणि चिन्हांशी त्वरेने जोडणे ह्या भाषिक क्रियेत आहे. शिवाय अक्षर उलटे काढणे हे लिहायला नुकत्याच लागलेल्या कोणत्याही मुलात आढळते आणि बहुधा आपोआप नाहीसे होते. म्हणजे ज्या लक्षणावर आपण भिस्त ठेवतो ते खुद्द इंग्रजीतही निर्णायक नाही.

३

आता देवनागरीकडे वळू. रोमन लिपीत 'बी' व 'डी', 'पी' व 'क्यू' ह्या लहान अक्षरांच्या जोड्या एकमेकींची प्रतिबिंबे आहेत, त्यामुळे तेथे उलटेपणाला वाव मिळतो. देवनागरी वर्णांत अशा जोड्या जवळजवळ नाहीत. घ व ध, भ व म, ब व व, थ व य ही अक्षरे सारखी दिसतात खरी, पण त्यांतला भेद एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा आहे, दिशेचा नव्हे. दिशेचा खरा भेद आढळतो तो आकड्यांत: ३ आणि ६. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या ह्या दोन अंकांवरूनच मराठीत 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार आला. तेव्हा उलटेपणाच शोधावयाचा तर तो भाषेच्या वहीपेक्षा गणिताच्या वहीत सापडण्याचा संभव अधिक!

देवनागरीतील अडचणींची ठिकाणे निराळी आहेत. ही लिपी वर्णमालात्मक नाही व केवळ अवयवात्मकही नाही. तिचे एकक 'अक्षर' आहे. त्यात व्यंजन व स्वर एकत्र नांदतात. बाराखडीच्या छत्तीस ओळी धरल्या तर मुलापुढे ४३२ आकृती येतात. २००९ च्या शासननिर्णयाने ॲ व ऑ ह्यांना वर्णमालेत स्थान दिल्यापासून बाराखडीची चौदाखडी झाली, आणि जोडाक्षरे ह्याहून वेगळीच. सोनाली नाग ह्यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात अक्षरसंपादनाची ही प्रक्रिया प्राथमिक शाळेच्या पहिल्या चार वर्षांतही चालूच राहते आणि स्वर-व्यंजनांचे सुटे भान सावकाश येते, असे दिसून आले. कन्नड व मराठी लिपींची घडण एकाच ब्राह्मी परंपरेतील असल्याने हा निष्कर्ष आपल्याला मार्गदर्शक आहे. दुसरीतील मूल जोडाक्षरात अडते एवढ्यावरून त्याला वैकल्याचा शिक्का मारणे म्हणूनच घाईचे होईल.

दुसरे ठिकाण क्रमाचे. 'कि' ह्या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता ह्यांनी २००२ साली हिंदी वाचकांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा विपर्यास वाचनाचा वेग कमी करतो असे आढळले. रफाराची गोष्ट अशीच आहे. 'सूर्य' शब्दात 'र्' ऐकू येतो 'य'च्या आधी, पण तो बसतो 'य'च्या डोक्यावर. आणखी, एकच 'र' रफार होतो, 'प्र'मध्ये तिरकी रेघ होतो, 'ट्र'मध्ये खालचे चिन्ह होतो. आणि 'दर्या' व 'दऱ्या' ह्यांत त्याच्या रूपावरून अर्थ बदलतो.

तिसरे ठिकाण चिन्ह व उच्चार ह्यांतील अंतराचे. मराठी जसे बोलतो तसे लिहितो, असे आपण अभिमानाने म्हणतो. इंग्रजीशी तुलना करता ते बरेचसे खरे आहे. पण पूर्ण खरे नाही. अनुस्वाराचे एकच टिंब 'अंक', 'पंच', 'खंड', 'संत' व 'चंपक' ह्या शब्दांत पाच निरनिराळी अनुनासिके दर्शविते. 'चहा' व 'चमचा', 'जीव' व 'जागा' ह्यांत एकाच चिन्हाचे दोन उच्चार होतात. 'बसला' हा शब्द सुट्या अक्षरांनी वाचणारे मूल 'ब-स-ला' म्हणते, मग त्याला तो 'बस्ला' असा जोडून ऐकावा लागतो. श व ष ह्यांचा भेद लेखनात आहे, बहुतेकांच्या बोलण्यात नाही. आणि इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व तर बव्हंशी नियमांच्या आधारे ठरवावे लागते. साहित्य महामंडळाचे १९६२ मधील चौदा व १९७२ मधील आणखी चार असे अठरा लेखननियम आपण पाळतो ते ह्याच कारणाने. तात्पर्य, मराठी वाचावयास पुष्कळशी पारदर्शक, लिहावयास तितकी पारदर्शक नाही.

४

ह्या भेदांचा वर्गातील उपयोग एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तिसरीच्या वर्गात गुरुजींनी दोन वाक्ये सांगितली: 'माझी शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे पाणी मिळत नाही.' तीन मुलांनी ती पुढीलप्रमाणे लिहिली असे समजू.

पहिला: 'माझी शाया डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे पानी मियत नाई.'

दुसरा: 'माझि शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे पाणि मीळत नाहि.'

तिसरा: 'माझी शळा डोगराचा पाथशी आहे. तिथे पाणी मित नाही.'

लाल शाईने मोजणी केली तर तिघांच्याही नऊ शब्दांपैकी चार चुकले. तिघांनाही सारखे गुण, सारखी बोलणी, आणि कदाचित चारचार शब्द दहादहा वेळा लिहिण्याची सारखी शिक्षा. वस्तुतः ह्या तीन वह्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिल्या मुलाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते. तेथे 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो. ह्या मुलाने ऐकलेले वाक्य आपल्या बोलीत ऐकले आणि ते निर्दोष वर्णरचनेत लिहिले. ध्वनी व चिन्ह ह्यांचा सांधा त्याच्या मनात पक्का आहे, हाच त्याच्या चुकीचा अर्थ. त्याला प्रमाण भाषेची ओळख हवी, उपचार नको. दुसऱ्या मुलाने प्रत्येक ध्वनी टिपला आहे. केवळ ऱ्हस्वदीर्घाचा नियम त्याला ठाऊक नाही, आणि तो नियम कान सांगू शकत नाही. तिसऱ्याची वही निराळी आहे. तेथे काना गळतो, अनुस्वार गळतो, जोडाक्षर मोडते, शब्दाच्या मधले अक्षरच नाहीसे होते. ऐकलेल्या शब्दाचे सर्व घटक क्रमाने धरून ठेवणे त्याला जमत नाही. आणि त्याने एकही अक्षर उलटे काढलेले नाही! प्रचलित यादी हातात धरली तर ह्याच मुलाकडे आपले लक्ष जाणार नाही.

अर्थात एका वहीवरून निदान होत नाही. हेच मूल उद्या 'शाळा' कसे लिहिते, परवा कसे लिहिते, हे पाहिले पाहिजे. कारण चुकीतील अस्थिरता ही तिच्या संख्येपेक्षा अधिक बोलकी असते. 'फणुद', 'गेटव' असे निरर्थक शब्द त्याला वाचता येतात का, हे पाहावे, म्हणजे पाठांतराचा आधार सुटतो. 'काठी'तील 'क' काढून 'ल' घातला तर कोणता शब्द होईल, असे तोंडी विचारावे. 'लाठी' हे उत्तर ज्याला सहज येते आणि ज्याला वारंवार प्रयत्न करूनही येत नाही, त्या दोघांच्या गरजा एक नाहीत.

५

अचूकतेइतकाच वेगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लांडर्ल, विमर व फ्रिथ ह्यांनी १९९७ मध्ये जर्मन व इंग्रजी भाषक वैकल्यग्रस्त मुलांची तुलना केली. लिपी पारदर्शक असलेली जर्मन मुले चुका कमी करतात, पण त्यांचे वाचन संथ व कष्टाचे राहते, असे तीतून दिसले. मराठी मुलाविषयीही हीच अपेक्षा धरणे सयुक्तिक आहे. चौथीतील असे मूल बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, शेवटी बरोबर वाचते. केवळ चुका मोजणारी परीक्षा त्याला उत्तीर्ण करते. मग त्याचा पेपर अर्धा राहतो आणि त्याला आळशी म्हटले जाते.

परंतु वेग मोजावयाचा तर माप मराठीचे हवे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले. मूलभूत वाचनाला राष्ट्रीय धोरणात असे अग्रस्थान मिळाले, हे स्वागतार्हच होय. तथापि 'शब्द' हे माप भाषेभाषेत सारखे नसते. 'डोंगराच्या पायथ्याशी' हे मराठीत दोन शब्द आहेत. हाच आशय हिंदीत 'पहाड़ की तलहटी में' अशा चार आणि इंग्रजीत सहा शब्दांत येतो. मराठीचे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे तिचा शब्द लांब होतो. साठ मराठी शब्द वाचणाऱ्या मुलाचे कष्ट साठ हिंदी शब्द वाचणाऱ्याच्या कष्टांहून अधिक असू शकतात. उपाय अवघड नाही: शब्दांऐवजी अक्षरे मोजावी. वरील दोन शब्दांत आठ अक्षरे आहेत. हे माप मराठीतल्या मराठीत तरी न्याय्य ठरेल.

ह्या दिशेने काहीच झाले नाही असे नव्हे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी वाचनवैकल्याची जी चाचणी तयार केली, तीत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे. मुलाची परीक्षा त्याच्याच भाषेत व्हावी हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. तत्त्व मान्य होणे आणि ते दूरच्या द्विशिक्षकी शाळेपर्यंत पोहोचणे ह्यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर शिक्षकाच्या प्रशिक्षणानेच भरून निघेल.

कायद्याच्या बाजूने महाराष्ट्र मागे नाही. शालान्त परीक्षेत ह्या मुलांना सवलती देण्यास येथे १९९६ पासून प्रारंभ झाला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली. वाढीव वेळ व लेखनिक ह्या सवलती आवश्यक आहेत, त्यांना विरोध करणे क्रूरपणाचे होईल. तरीपण दोन गोष्टी खटकतात. एक, सवलत परीक्षेच्या दारात मिळते, शिकवणी मात्र पहिली-दुसरीत हवी असते. दहावीत मिळालेला अर्धा तास तिसरीत न मिळालेल्या मदतीची भरपाई करीत नाही. दुसरी, भाषाविषयातून सूट घेण्याची सोय. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाने ती घ्यावयाची तर माध्यमभाषा सोडता येत नाही, तेव्हा ती सूट स्वाभाविकपणेच मराठीच्या वाट्याला येते. जिची लिपी त्याला तुलनेने अधिक साहाय्य करणारी आहे आणि जी त्याच्या घरात बोलली जाते, तीच भाषा ओझे म्हणून उतरवली जाते. व्यक्तिशः एखाद्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय योग्यही असेल, पण तो विचारपूर्वक व्हावा, सवयीने नव्हे.

अध्यापनाविषयी एकच मुद्दा नोंदवितो. बाराखडीला दोष देण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. सामूहिक सुरात म्हटलेली बाराखडी मुलाची अडचण झाकते, हे खरे. कारण ज्याला 'कु' ओळखता येत नाही तोही सुरात 'कु' म्हणतो. परंतु बाराखडी मुळात एक कोष्टक आहे. तिच्या आडव्या ओळीत व्यंजन स्थिर राहून स्वर बदलतो, उभ्या ओळीत स्वर स्थिर राहून व्यंजन बदलते. स्वर व व्यंजन वेगळे करून दाखविणारे ह्याहून सुबोध साधन वाचनवैकल्य असलेल्या मुलासाठी शोधून काढणे कठीण. हे कोष्टक पाठ म्हणून घेण्याऐवजी पृथक्करणासाठी वापरावे: आज 'पा' आणि 'मा' ह्यांत सारखे काय, उद्या 'पा' आणि 'पी' ह्यांत निराळे काय, थोडी अक्षरे, पुष्कळ आवर्तने, कान, तोंड व हात ह्यांची एकत्र योजना, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी, फोड करून. अशी शिकवणी सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. वैकल्य नसलेल्या मुलाचेही तिने काही बिघडत नाही.

असो. निकुंभ मास्तरांनी केले ते एवढेच की त्यांनी मुलाच्या चुका मोजल्या नाहीत, वाचल्या. प्रत्येक चूक काहीतरी सांगते, असे मानून ते वहीपुढे बसले. मराठी शिक्षकाने त्यांच्याकडून हीच वृत्ती घ्यावी आणि यादी मात्र आपल्या भाषेच्या घडणीवरून नव्याने तयार करावी. अशी यादी तयार करून शिक्षकाच्या हाती देणे हे भाषाविज्ञानाच्या विभागांचे काम आहे. इतरांनी ते करावे म्हणून वाट पाहत बसण्याचा अधिकार आपल्याला नाही. बोलीनुसार, इयत्तेनुसार, लिपीच्या अवघड स्थानांनुसार चुकांचे वर्गीकरण करणे हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय सहज होऊ शकेल. तो ज्या दिवशी शाळेपर्यंत पोहोचेल त्या दिवशी तिसऱ्या वहीचा धनी गुरुजींना दिसू लागेल. आणि मग 'ढ' हे पुन्हा केवळ एक अक्षर उरेल.